पांढऱ्या पिंपांची हद्द

एका दिवाळीच्या सुट्टीपुरती मी सैन्यात होते, असं मी म्हणते तेव्हा घरातली सगळी मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. बंदूक मी हातात धरली नाही हे खरं, पण त्या सरावात बंदूक कोणीच हातात धरायची नव्हती. तोच तर त्या सरावाचा विषय होता.

पन्नासच्या दशकाचा उत्तरार्ध चालू होता. इजिप्तच्या वाळवंटात दोन देशांच्या मध्ये उभं राहायचं आणि त्यांचं भांडण पुन्हा पेटू द्यायचं नाही, असं काम वेगवेगळ्या देशांचे सैनिक करत होते. त्यांत आपलेही होते. डोक्यावर निळी टोपी आणि खांद्यावर बंदूक, पण ती चालवायची नाही. बाबांना हे पटायचंच नाही. ते सचिवालयातून निवृत्त झालेले, रोज वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. "मग शिपायाऐवजी मास्तर पाठवा," असं ते म्हणायचे. मी स्वतः डोंबिवलीच्या शाळेत इंग्रजीची मास्तरीण होते, त्यामुळे हा टोला मलाही लागायचा.

पुढची तुकडी तिकडे जाण्याआधी तिला थोडा सराव द्यावा, आणि तो द्यायला त्या वाळवंटात आधी राहून आलेला एक परदेशी मेजर यावा, असं दोन सरकारांमध्ये ठरलं. ठरलं म्हणजे सहज ठरलं नाही. स्वातंत्र्य मिळून जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि गोऱ्या माणसाने आपल्या जवानांना शिकवायचं, हे दिल्लीच्या पचनी पडेना. शेवटी असा तोडगा निघाला की मेजर 'शिकवणार' नाही, 'अनुभव सांगणार'. हुकूम द्यायचा तो आपल्या कॅप्टननेच. आणि सगळ्यांत मोठी अट म्हणजे परदेशी माणसाने इथल्या कोणत्याही स्थानिक बाबीत बोट घालायचं नाही. हे मला दिल्लीहून आलेल्या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने समजावून सांगितलं. बंद गळ्याचा कोट, हळू आवाज. दोनदा सांगितलं. मी पाचवीच्या मुलींनासुद्धा तीच गोष्ट दोनदा सांगत नाही, त्यामुळे मला राग आला, पण मी मान डोलावली.

मी तिथे कशी पोचले, तर सरावात गावकरी लागणार होते. आपला कॅप्टन दक्षिणेकडचा, त्याला इंग्रजी आणि मोडकं हिंदी यायचं. मेजरला अर्थातच इंग्रजीखेरीज काही यायचं नाही. गावातल्या बायकांशी बोलायला इंग्रजी जाणणारी एखादी बाई पाहिजे, असा निरोप मामलेदार कचेरीतून शाळेत आला. सुट्टीत रिकामी अशी मीच. आईने डबा दिला, बाबांनी छत्री दिली. ऊन नव्हतं आणि पाऊसही नव्हता. छत्री कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "सैन्यात चालली आहेस, हातात काहीतरी असू दे."

सरावाची जागा म्हणजे लढाईच्या काळात उभारलेल्या छावणीचं खाडीकाठचं उजाड मैदान. मागे लांबवर ठाकुर्लीच्या वीजघराचं धुराडं दिसायचं. मैदानाच्या एका अंगाला कोळ्यांचं एक गाव आणि दुसऱ्या अंगाला दुसरं. स्टेशनकडच्याला सगळे अलीकडचं म्हणायचे आणि दुसऱ्याला पलीकडचं. मीही तसंच म्हणते.

मेजर उंच, लालबुंद आणि फार उत्साही होता. त्याने जवानांकडून तेलाची रिकामी पिंपं चुन्याने रंगवून घेतली आणि मैदानाच्या मधोमध, एका टोकापासून खाडीपर्यंत, ओळीने मांडली. ओळ तिथेच थांबवली नाही. एक पिंप त्याने भरतीच्या पाण्यात बांबूंच्या चौकटीवर पक्कं बसवलं, होडीतल्या गस्तीला दिसावं म्हणून. ही झाली दोन देशांमधली रेषा. मध्ये आडव्या बांबूचं फाटक. फाटकावर एक नाईक, घाटावरचा, सातारच्या बाजूचा तरुण मुलगा. रेषेच्या अलीकडे एका देशाची माणसं, पलीकडे दुसऱ्या देशाची. ती माणसं एकमेकांना अनोळखी वाटावीत म्हणून मेजरने रोजावर लोक घेतले ते मुद्दाम दोन्ही गावांतून. इथेच सगळं घोडं अडलं, पण ते त्याला कळायला मार्ग नव्हता.

पहिल्या दिवशी दोन्ही गावांची माणसं आली आणि दोन बाजूंना उभी राहिली. कोणी कोणाकडे बघेना. चहाचं पातेलं आणलं तर एका गावाने घेतला म्हणून दुसऱ्या गावाने घेतला नाही. एक म्हातारा पिंपाजवळ येऊन जमिनीवर पचकन थुंकला. मेजर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस, काय अभिनय करतात हो ही माणसं! आमच्या देशात याच्यासाठी नट आणावे लागले होते."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मीही शहरी मास्तरीण. मला वाटलं, लाजत असतील.

मग मेजरने प्रसंग सांगितला. एका बाईची मुलगी रेषेच्या पलीकडे राहते. आई फाटकावर येते, मला पलीकडे जाऊ द्या म्हणते. फाटकावरच्या शिपायाने काय करायचं? हाकलायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही. पलीकडच्या मुख्य माणसाला बोलवायचं, त्याची संमती विचारायची. त्याने पहिले काही दिवस नाही म्हणायचं आणि शेवटच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, हो म्हणायचं. मग शिपायाने बाईला सोबत करून न्यायचं आणि परत आणायचं. जाताना किती माणसं गेली आणि येताना किती आली हे फाटकावर विचारायचंच, कारण तिकडे वाळवंटात याच आकड्यावरून भांडणं व्हायची.

मी हे बायकांना सांगितलं आणि आई कोण होणार असं विचारलं. सगळ्या खाली बघत बसल्या. मग मागून एक बाई उठली. चाळिशीची, काटक, कासोट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. "मी व्हतंय," ती म्हणाली, आणि बाकीच्या बायका एकदम गप्प झाल्या, आधीपेक्षाही गप्प.

पलीकडचा मुख्य माणूस मेजरने स्वतः निवडला. लाल टोपी, पांढऱ्या मिशा, चेहरा असा की बघताक्षणीच नाही म्हणेल. मेजर आपल्या निवडीवर फार खूश झाला.

नाटक सुरू झालं. मावशी फाटकाशी आली (मी तिला पहिल्यापासून मावशीच म्हणत आले) आणि बांबू दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मना जाव्चा हाय पलीकरं. माजी सोकरी हाय तिकरं." नाईकाने नियमाप्रमाणे तिला थांबवलं, लाल टोपीला बोलावलं. लाल टोपीने तिच्याकडे न बघता सांगितलं, "नाय." मावशीच्या डोळ्यांना धार लागली. मेजरने टाळ्या वाजवल्या. ते रडणं बघता बघता मी भाषांतर करायचं विसरले.

दुपारी तिच्याशेजारी डबा उघडला आणि विचारलं.  ती बोलायला लागली ती थांबेना. लाल टोपी तिचा व्याही होता. तिची एकुलती एक मुलगी त्याच्याच घरात दिली होती, दोन्ही गावं एकमेकांकडे जेवत होती त्या दिवसांत. खाडीत जाळी बांधायचे खुंट कोणी कुठपर्यंत रोवायचे याची खूण म्हणजे तिवराचं एक जुनं झाड. मागल्या पुरात ते झाड वाहून गेलं. मग तुमचा खुंट आमच्यात आला आणि आमचा तुमच्यात, होड्यांवर मारामाऱ्या, कल्याणच्या कोर्टात दावा, आणि दोन्हीकडच्या पंचांचा ठराव: येणंजाणं बंद. ठराव मोडील त्याला गाव वाळीत टाकणार.

"पोरीला आठवा लागलाय," मावशी म्हणाली. "पयलं बालतपन. आवशीकरं व्हायला पायजे का नाय? सातव्यात वटी भराया गेलू तं वाटेतनं परत धारला मना. तिकरं तिला सासूबी नाय गो बाय. कोन बघील?"

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या घरात काय आणि कोळीवाड्यात काय, सारखंच. माझ्या मोठ्या बहिणीला आईने पाचव्यातच आणून ठेवलं होतं आणि तिथपासून घरात कोणी मोठ्याने शिंकायचं नाही. ही बाई मात्र हाकेच्या अंतरावरच्या मुलीला बघू शकत नव्हती. मी रागाने उठलेच. मेजरला आत्ताच्या आत्ता सांगते म्हणाले. तिने माझा पदर धरला. "नको गो. सायबाला समजला तं ह्या नाटक बंद करतील. शेवटचे दिशी त्या म्हातारा हो म्हननार हाय ना? मोठ्या मोठ्या लोकांचे म्होरं हो म्हनला, मंग फिरनार कसा?"

तेव्हा मला कळलं की त्या मैदानावर नाटक न करणारी ती एकटीच होती. आणि ती चुकत होती असंही म्हणवेना. मी तोंड बंद ठेवलं, जे मला सहसा जमत नाही.

नंतरचे दिवस रोज तेच. मावशी यायची, नाईक थांबवायचा, लाल टोपी नाही म्हणायचा. पण नाईक हळूहळू शिकत होता. पहिल्या दिवशी तो काठीसारखा उभा होता. मग मेजरच्या सांगण्यावरून तो खाली बसायला लागला, कारण उभ्या माणसाशी कोणी मनातलं बोलत नाही. मग पाणी विचारायला लागला. लाल टोपीला तो आबा म्हणायला लागला आणि लाल टोपीही नाही म्हणण्याआधी घोटभर पाणी प्यायला लागला. एका देशाचा मेजर दुसऱ्या देशाच्या शिपायाला खाली बसायला शिकवतो, यात काय मोठं, असं बाबा म्हणाले. मला ते मोठं वाटलं. मी शाळेत नवीन होते तेव्हा मला हे कोणी शिकवलं असतं तर माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुली कमी रडल्या असत्या.

आणि मग एका सकाळी कॅप्टन मला हाताला धरल्यासारखा घाईने खाडीकडे घेऊन गेला. ओहोटी होती. पाण्यातल्या पांढऱ्या पिंपाच्या एका बाजूला पलीकडच्या गावाचे खुंट अगदी पिंपाला भिडेपर्यंत नवे रोवलेले. दुसऱ्या बाजूला अलीकडच्यांचे. मध्ये एक होडी जाईल एवढी वाट दोघांनीही सोडलेली. आदल्या दिवशीपर्यंत तिथे एकही खुंट नव्हता.

"मॅडम, हे काय आहे?" कॅप्टनने विचारलं.

मी मावशीला बोलावलं. तिला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "सरकारनं मोजनी केली ना? चुना मारला. मंग आता कोन काय बोलनार?"

मी डोक्यावर हात मारून घेतला. मोजणीवाले येतात तेव्हा हद्दीच्या दगडांना चुना फासतात, आणि चुना फासला की ती हद्द, हे या भागात पोराबाळांनाही ठाऊक. इथे तर दिल्लीचा साहेब आला, गोरा साहेब आला, पलटण आली, आणि ओळीने चुना मारला गेला. दोन्ही गावांनी मिळून ठरवून टाकलं की कोर्टाचा निकाल लागला, फक्त आपल्याला कागद यायचा आहे. आम्ही ज्याला नाटक म्हणत होतो ते मावशी सोडून बाकीच्यांना मोजणीचाच काही नवा प्रकार वाटत होता. बाईने रोज जायला मागायचं आणि म्हाताऱ्याने रोज नाही म्हणायचं, सरकारचं काय सांगावं!

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी कॅप्टनला मुलीसकट सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. कोर्टात असलेल्या दाव्याची हद्द लष्कराने घातली, आणि तीही परदेशी मेजरच्या हाताने! दिल्लीची अट त्याला तोंडपाठ होती. पिंप तिथल्या तिथे काढायला तो निघालाच होता. एवढ्यात मेजर आला. मी त्यालाही सांगितलं. त्याने दोन्ही बाजूंचे खुंट बोटाने मोजले. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "दोन्ही गावं खूश आहेत?"

मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, दोघंही कुरकुरतायत. आमचा चार हात गेला म्हणून हे, आणि त्यांचा चार हात गेला म्हणून ते.

"मग रेषा बरोबर आहे," मेजर म्हणाला. "पण मी काही बोललो नाही. मला बोलता येत नाही." आणि खरोखरच पाठ फिरवून चालता झाला. त्या दिवसापासून तो मला आवडायला लागला.

कॅप्टनने निर्णय दिला. शेवटच्या दिवसाचा सराव होईल, कारण पाहुण्यांना आमंत्रणं गेली आहेत. त्याच संध्याकाळी सगळी पिंपं उचलायची. तोवर कोणी काही बोलायचं नाही. म्हणजे मावशीच्या हातात तो एकच दिवस उरला. पिंपं गेली की हद्द गेली, हद्द गेली की भांडण परत, आणि मुलगी पलीकडेच. हे मी तिला सांगितलं. तिने अबोलीचा गजरा नीट केला आणि ती घरी गेली.

शेवटच्या दिवशी शामियाना उभारला, खुर्च्या आल्या, सरबत आलं. बंद गळ्याचा कोट दिल्लीहून परत आला होता. शेजारी मेजरच्या देशाचा राजदूत, टक्कल पडलेला, सौम्य माणूस. मावशी आली ती हातात हिरवं लुगडं, नारळ आणि तांदळाची पुरचुंडी घेऊन. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांची छत्री उघडून आकाशाकडे पाहिलं.

"मना जाव्चा हाय पलीकरं," मावशी म्हणाली. 

नाईक खाली बसला. लाल टोपी आला. नाईकाने नियमाप्रमाणे विचारलं. आता हो म्हणायचं होतं. लाल टोपीने शामियान्याकडे पाहिलं, आपल्या मागे उभ्या असलेल्या गावाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाय."

कॅप्टन खुर्चीतून अर्धवट उठला. राजदूताला वाटलं, असंच असणार. तो पुढे वाकून रस घेऊन बघू लागला.  मावशीने बांबू धरला होता तो तसाच धरून ठेवला. मी मनात म्हणत होते, म्हाताऱ्या, तुझ्या तोंडाला कुलूप लागलं आहे का रे.

नाईक मात्र हलला नाही. त्याला शिकवलं होतं ते असं की नकार आला तर कारण विचार, आणि कारण मिळेपर्यंत उठू नकोस. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. "आबा, पाणी घ्या. का न्हाई म्हणता त्ये तरी सांगा की."

लाल टोपी पाणी प्यायला. मिशा पुसल्या. मग अगदी हळू बोलला, आणि पहिल्यांदाच मावशीकडे बघून बोलला. "मी हो म्हनलू तं माजा गाव मना वाळीत टाकील. त्यांनी आधी बोलावा. ह्या चुन्याचे पलीकरं खुंट टाकनार नाय म्हून. मंग आमचे पंच बोलतील. नुसता सरकारचा चुना नाय पुरत बाय, मानसाची जीब पायजे."

मी हे राजदूताला इंग्रजीत सांगत होते. नाईक उठला नाही. बसूनच त्याने अलीकडच्या बाजूला मान वळवली आणि नुसतं म्हणाला, "ऐकलं न्हवं?"

अलीकडच्या गावात कुजबुज झाली. मग जो म्हातारा पहिल्या दिवशी थुंकला होता तोच पुढे आला. त्याने पिंपावर हात ठेवला. हाताला चुना लागला. "खुंट आमी कवाचे अलीकरं घेतलेत," तो म्हणाला. "जीब देतू. पोरीला येव दे." पलीकडच्या पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाने मान हलवली. लाल टोपीच्या चेहऱ्यावरचं नाही कुठे गेलं कोण जाणे. तो रडवेला झाला आणि म्हणाला, "हो. न्या."

नाईकाने बांबू वर केला. "किती जण?"

"मी एकलीच," मावशी म्हणाली आणि त्याच्यासोबत पलीकडे गेली.

मेजरच्या योजनेत बाई रेषेपलीकडच्या एका बाभळीपर्यंत जाऊन परत यायची होती. मावशी बाभळीपाशी थांबलीच नाही. ती सरळ गावात शिरली आणि नाईक तिच्या मागोमाग. सरबत संपलं. राजदूताने घड्याळ बघितलं. दिल्लीच्या साहेबाने कॅप्टनकडे बघितलं आणि कॅप्टनने माझ्याकडे. मी सांगितलं, "साहेब, ओटी भरायला वेळ लागतो." राजदूताला ओटी म्हणजे काय हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला आणि ते बरंच झालं.

मग ते आले. पुढे नाईक, डोक्यावर मुलीची पत्र्याची ट्रंक. मागे मावशी, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून, हिरव्या लुगड्यात, पाय जपून टाकणारी ती मुलगी. असेल अठरा-एकोणीस वर्षांची. दोन्ही बाजूंची माणसं एकदम सरकली आणि वाट मोकळी झाली. फाटकाशी नाईकाने ट्रंक खाली ठेवली, बांबूशेजारी आपल्या जागी जाऊन उभा राहिला आणि नियम म्हणजे नियम, म्हणून घाम पुसत विचारलं, "गेली तेव्हा एक. आता किती जण?"

"तीन," मावशी म्हणाली.

मी मेजरला सांगितलं, तीन. त्याने मुलीच्या मागे तिसरं माणूस शोधलं. मग त्याचा चेहरा आणखी लाल झाला, त्याने निळी टोपी काढून हातात घेतली आणि तशीच धरून उभा राहिला. मी रडत होते. मला कोणाची लाज वाटली नाही. दिल्लीचा साहेब उठून माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता ती अट तिसऱ्यांदा ऐकायची. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आम्ही कागदावर जे लिहितो ते कधीकधी खरंही होतं वाटतं." आणि नाक शिंकरत निघून गेला.

संध्याकाळी पिंपं उचलली गेली. पाण्यातलं तेवढं राहिलं. भरती होती, असं कॅप्टनने सांगितलं. भरती काय, रोजच येते आणि रोजच जाते. तुकडी काही दिवसांनी जहाजाने गेली. नाईकाचं पुढे काय झालं मला कळलं नाही. तिकडेही तो फाटकावर खाली बसत असेल असं मी धरून चालते.

पौषात मावशी आमच्या दारात उभी राहिली. टोपलीत कोलंबी आणली होती. आमच्या घरात कांदासुद्धा जपून खायचे, आई दोन पावलं मागे सरली, आणि बाबांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, "मुलगी की मुलगा?" मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. बारशाला मला यायलाच पाहिजे होतं. कोलंबी शेजारच्या घरी गेली आणि त्यांनी आमचे आभार मानले.

मी बारशाला गेले. मैदानात आता काही उरलं नव्हतं. फाटक नाही, ओळ नाही, नुसतं गवत. खाडीत ते पिंप तेवढं, चुना अर्धा गेलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खुंट. पलीकडच्या गावातून वरात यावी तशी माणसं आली. पुढे लाल टोपी, हातात बाळंतविड्याची टोपली. ज्या जागी आडवा बांबू होता तिथे तो पोचला आणि थांबला. त्याच्या मागे सगळे थांबले. कोणी पुढे पाऊल टाकेना. अडवायला तिथे काहीच नव्हतं, तरी विचारल्याशिवाय ओलांडायचं नाही एवढं त्या फाटकाने सगळ्यांना शिकवलं होतं.

मावशी नात एका हाताने छातीशी धरून लगबगीने गेली. समोर उभी राहिली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "कितीजन?"

"आक्खा गाव," लाल टोपी म्हणाला.

मावशीने मोकळा हात बांबू उचलावा तसा वर केला आणि सगळे आत आले.